नंतर बघू

"मोहिनी लुक्स आफ्टर यू, ना बाबा?" मोबाईलच्या स्पीकरवरून रामेश्वरचा आवाज आला आणि सरांचं तोंड पुसणाऱ्या मोहिनीचा हात थांबला.

फोन बंद झाल्यावर तिनं विचारलं, "सर, माझं काय म्हणायलते?"

अर्जुनराव सरांनी सिरसाळ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. लकव्यानं उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, पण शिकवायची हौस गेली नव्हती. "तूच सांग," ते म्हणाले.

मोहिनी सातवीपर्यंत शिकलेली. "लुक म्हंजी बघणं. आफ्टर म्हंजी नंतर." ती अडखळली. "नंतर बघू?"

हे शब्द तिच्या चांगल्या ओळखीचे होते. वडील आजारी पडले तेव्हा भाऊ, बजरंग, म्हणाला होता, तुझ्या लग्नाचं नंतर बघू. वडिलांमागून आईनं अंथरूण धरलं. आई गेली तोवर बजरंगनं वेगळं बिऱ्हाड केलं होतं, मोहिनीचे केस पिकले होते आणि काही बघायचं राहिलंय हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

सर डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग थांबत थांबत त्यांनी समजावलं. इथं आफ्टर म्हणजे नंतर नव्हे, मागे. फार पूर्वी या शब्दांचा अर्थ एवढाच होता, की निघालेल्या माणसाकडे मागून बघत राहायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. सांभाळणं हा अर्थ पुढे आला.

"आपल्यातबी तसंच म्हणत्यात की," मोहिनी म्हणाली. "म्हाताऱ्याचं कोण बघतंय, म्हणून."

"हां," सर म्हणाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

दिवाळी झाली आणि रामेश्वर गाडी घेऊन आला. पुण्यात, त्याच्या घराजवळ, आजारी वृद्धांना ठेवून घेणारी एक जागा मिळाली होती. मोहिनीनं सरांचे सदरे घड्या घालून बॅगेत भरले. रामेश्वरनं त्यांना उचलून मागच्या सीटवर बसवलं. तिनं आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी गाडीचं दार धरून ती म्हणाली, "दादा, मलाबी न्या संगं. सरांचं बोलणं तिथल्या लोकायला कळायचं न्हाई."

रामेश्वर वाईट माणूस नव्हता. तो ओशाळला. "तिथं नर्स असतात, मोहिनीताई. पण तुमचं... नंतर बघू."

सरांनी ते ऐकलं. ते काहीतरी बोलू लागले, पण शब्द फुटेना. रामेश्वर पाण्याची बाटली शोधू लागला.

"पाणी न्हाई," मोहिनी म्हणाली. "चष्मा मागायलेत."

तिनंच तो बॅगेतून काढला, पदरानं पुसला आणि त्यांच्या कानांवर नीट बसवला. गाडी निघाली. मोठ्या रस्त्याला वळेपर्यंत मागच्या काचेत सरांचा वळलेला चेहरा दिसत होता. त्यांची मान दुखत असणार, हे तिला कळत होतं.

संध्याकाळी तिनं आईवडिलांच्या एका खोलीच्या घरात चूल पेटवली. भाकरी भाजली, ताटात घेतली. सवयीच्या हातांनी कडा मोडून बाजूला ठेवल्या, मधला मऊ भाग दुधात कुस्करला. कुस्करून झाल्यावर मग तिच्या लक्षात आलं. तिचे दात अजून शाबूत होते.

मग चमचा घेतला आणि तो काला हळूहळू, मध्ये मध्ये थांबत, तिनं स्वतःला भरवला.