छपरावरून उतरलेली डिश

मित्रांनो, मी एक जुनी डिश आहे. टीव्हीची, छपरावरची. माझ्या अंगावरचे पोचे बघून तुम्हाला हसू येईल. हसा बापडे.

सान क्रिस्तोबाल या डोंगरातल्या शहरात, एका चढावर योर्हेलिसचं घर. आईबाप परदेशी कामाला, घरात ती आणि तिची आजी एर्मेलिंदा. बारा वर्षं मी त्यांच्या छपरावर आभाळाकडे तोंड करून बसले. वरून येईल ते झेलायचं आणि मधोमध गोळा करायचं, एवढंच मला येतं. खाली आजीची मालिका रडायची, शेजारी बेसबॉलला ओरडायचे, आणि चित्र हललं की सगळे मलाच शिव्या द्यायचे. तरी बरं चाललं होतं.

एके सकाळी योर्हेलिस पाना घेऊन वर आली. विद्यापीठात शिकणारी पोर, मोर्चात सगळ्यांच्या पुढे. आजीची रक्तदाबाची गोळी तीन महिने शहरात मिळत नव्हती. पावालाही रांगा. त्याचा जाब विचारायला मुलं रस्त्यावर उतरली होती.

"अहो, माझी मालिका!" आजी खालून ओरडली. आमच्या डोंगरात घरच्या लेकराला काय, मांजरालाही अहो-जाहो करतात.

"आजी, तुमची ती मालिकेतली बाई दोन वर्षं बेशुद्धच आहे. उठली की सांगते तुम्हाला."

"आणि तुम्हीच आडव्या झालात तर मला कोण सांगणार?"

योर्हेलिसनं शेवटचा नट सोडवला आणि मला खाली उतरवलं.

तिनं माझ्या पाठीवरच्या लोखंडी पट्टीला मूठ बांधली आणि मला ढाल केलं. मूठ पाठीला, म्हणजे माझं खोलगट पोट समोर. गल्लीतल्या सगळ्या डिश तशाच बांधल्या होत्या, कारण बांधायला ते सोपं.

चौकात मला काही म्हणजे काही कळेना. आभाळ सोडून माणसांकडे तोंड कशाला? समोरच्या शिपायांची तोंडं का झाकलेली? आपलीही का झाकलेली? तेवढ्यात अश्रुधुराचं नळकांडं आलं. जन्माची खोड हो! मी ते झेललं, मधोमध आणलं. ते माझ्या पोटावरून सरकत वर आलं आणि काठावरून उडून तिच्या डाव्या डोळ्यावर आदळलं.

डोळा राहील की जाईल, तीन दिवस डॉक्टर सांगेनात. मी दाराशी पालथी पडून होते. मी तिला वाचवलं की मीच घात केला? आजही मला धड सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. अंधुक दिसत होतं, पण दिसत होतं! आजीनं मला मांडीवर घेतलं, खिळा ठोकून दोन भोकं पाडली आणि पोटाच्या बाजूनं आपल्या एप्रनचा पट्टा ओवला.

"पाठ बाहेर ठेवायची. येईल ते घसरून जाऊ दे. एवढं शिकलात, एवढं कळू नये तुम्हाला?"

"म्हणजे मी जाऊ, आजी?"

"मी तसं म्हटलेलं नाही!" आजीनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं काम द्याल, तर तिची जुनी सवय आधी बघून घ्या. आणि कधी हे सगळं निवळलं, तर मला परत छपरावर चढवा हो. ती बाई शुद्धीवर आली का, हे आजीला अजून कळलेलं नाही.