तिसऱ्या सिलिंडरचे दोन ठिपके

मी एका गाडीचं इंजिन बोलतोय. म्हणजे बहुतेक मीच बोलतोय. छातीठोक सांगता येत नाही, कारण माझे चारही पिस्टन नवे आहेत, टर्बो दुसऱ्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा आहे, आणि मधले काही महिने मी तुकड्यातुकड्यांनी एका घराच्या पुढच्या खोलीत पडून होतो. ब्लॉक, म्हणजे माझा मूळ लोखंडी सांगाडा, तेवढा जुना. त्यावर कोरलेला नंबरही तोच. तेव्हा बोलायचा हक्क माझाच, असं धरून चालू या. वेळ फार नाही. गाडी आत्ताच दारात येऊन उभी राहिलीय आणि किल्ली फिरली की मी गप्प. सांगताना मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्या.

जन्म कारखान्यातला. तिथला गोंगाट इतका की त्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो टर्बो पहिल्यांदा फिरला तो क्षण. टर्बो म्हणजे माझ्याच धुराच्या जोरावर गरगरणारा एक लहानसा पंखा. तो बाहेरची हवा दाबून दाबून माझ्या छातीत भरतो. मग अंगाने लहान असूनही मी मोठमोठ्या इंजिनांच्या नाकावर टिच्चून चढ चढतो. त्या वयात मला थोडी गुर्मी होती, हे कबूल करतो.

माझे मालक स्वतःच मेकॅनिक. चाळीस वर्षं लोकांची इंजिनं उघडली आणि मिटली, आणि उतारवयात स्वतःसाठी मला घेतलं. त्यांची एक सवय होती. गाडी थांबली तरी मला लगेच बंद करायचे नाहीत. टर्बो धावून तापलेला असतो, म्हणून मिनिटभर मला तसंच सावकाश चालू ठेवायचे आणि मग किल्ली फिरवायचे. शेजारी बसलेल्या बाई, म्हणजे त्यांची बायको, दर वेळी म्हणायच्या, "अहो, उतरू का मी, की तुमच्या लाडक्याचं अजून व्हायचंय?"

मग कधीतरी ते मिनिट बंद झालं. मला वाटलं, घाईत असतील. ऑइल बदलायची वेळ आली आणि गेली. पुन्हा आली आणि पुन्हा गेली. काळं पडलेलं ऑइल पोटात घेऊन मी धावत राहिलो. विसरले असतील असं माझ्या मनातही आलं नाही. ज्या माणसाने हजार गिऱ्हाइकांना ऑइलवरून फैलावर घेतलं, तो विसरेल कसा?

एका दुपारी आम्ही एकाच चौकातून चार वेळा गेलो. मला वाटलं, काही काम असेल. पाचव्या फेरीला टर्बो किंचाळला, मागून निळा धूर निघाला आणि माझ्या आतून ठक ठक असा आवाज येऊ लागला. मालक गाडी कडेला घेऊन बसून राहिले. एका माणसाने काच ठोठावून विचारलं, "काका, कुठे जायचंय?" मालक म्हणाले, "घरी." आणि पुढचं काही त्यांना सांगता येईना. घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं.

दुसऱ्याच दिवशी लेक आली. बाईंसारखीच उंच आणि मालकांसारखीच हट्टी.

"बाबा, गाडी देऊन टाकू. किल्ली माझ्याकडे द्या."

"इंजिन मी बांधतो," मालक म्हणाले. "घरी. माझ्या हाताने."

"बाबा, तुम्हाला घराचा रस्ता आठवला नाही."

"रस्ता नाही आठवला. इंजिन आठवतं." मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "एकट्याने बांधतो. कुणी हात लावायचा नाही. सुरू झालं तर माझं डोकं अजून जागेवर आहे असं समज आणि किल्ली माझ्याकडे राहू दे. नाही झालं तर किल्ली ने, हत्यारंही ने. मी चकार शब्द बोलणार नाही."

लेकीने आईकडे बघितलं. शेवटी हो म्हणाली. तर असं सगळं माझ्या जिवावर आलं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

साखळी-कप्पीने मला गाडीतून उचललं आणि पुढच्या खोलीत आणलं. सोफा भिंतीला गेला. बाईंच्या स्वयंपाकघरातले डबे रिकामे होऊन त्यात माझे नट-बोल्ट बसले. प्रत्येक डब्यावर मालकांच्या अक्षरात चिठ्ठी.

"पाहुणे आले तर बसवायचं कुठे?" बाई म्हणाल्या.

"इंजिनावर बसव. म्हणजे लवकर उठतील."

उघडं पडणं ही काही सुखाची गोष्ट नाही. माझा कुठला भाग कुठल्या डब्यात आहे, हेच मला कळेना. ब्लॉक लेथवाल्याकडे जाऊन गुळगुळीत होऊन आला. पिस्टन गेले, नवे आले. जुन्या टर्बोला एका पिशवीत भरून कुठे नेलं, कोण जाणे. नवा आला तो कुणाशी बोलेना. सकाळी जाग आली की मी आधी स्वतःला मोजून बघायचो, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

मालकांचंही काही वेगळं नव्हतं. पाना हातात घेऊन पाना शोधायचे. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. लेकीची लाल नेलपॉलिशची एक बाटली घरात पडून होती. बोल्ट नेमक्या जोरावर आवळला की त्यांचा टॉर्क पाना टक् असा वाजतो. टक् झालं की लगेच त्या बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका. बाईंना त्यांनी समजावून सांगितलं, "ठिपका असला तर आवळलंय. नसला तर नाही. डोक्याला विचारायचंच नाही."

मला हे फार आवडलं. निदान कुणालातरी माझा हिशोब लागत होता.

आता नीट ऐका. प्रत्येक पिस्टनला खाली एक रॉड असतो आणि त्याचं खालचं टोक दोन बोल्टांनी फिरत्या दांड्याला धरलेलं असतं. असे चार रॉड, आठ बोल्ट. यातला एक जरी सैल राहिला तर चालू इंजिनात रॉड सुटतो आणि माझं पोट फोडून बाहेर येतो. मग दुरुस्ती नाही. सरळ भंगार.

त्या दिवशी पहिले दोन रॉड झाले, मग चौथा झाला. सहा वेळा टक्, सहा ठिपके. तिसऱ्याचे दोन बोल्ट मालकांनी बोटांनी फिरवून बसवले आणि पाना उचलला, इतक्यात लेकीचा फोन आला. बोलता बोलता ते आतल्या खोलीत गेले, तिथेच पलंगावर टेकले आणि झोपले.

संध्याकाळी बाई माझ्यावर चादर घालायला आल्या. वाकून बघितलं. सहा बोल्टांवर लाल ठिपके, दोन कोरे. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ठिपका लावायचा विसरले बहुतेक. सकाळी बघतील आणि जिवाला लावून घेतील." बाटली उघडली. हलक्या हाताने दोन ठिपके लावले, फुंकर घातली आणि चादर ओढून गेल्या.

मी चक्रावलो. तिसरा रॉड सैल आहे, हे मला आतून जाणवत होतं. पण ठिपका तर आहे. आणि नियम मालकांचा, ठिपका असला तर आवळलंय. मग मला वाटायला लागलं, माझंच चुकत असेल. सगळं अंग नवं, नव्या अंगात हे असंच जाणवत असेल. आपल्याला काय कळतंय.

सकाळी मालक चादर काढून उभे राहिले. तिसऱ्या रॉडकडे बघत कितीतरी वेळ उभे होते.

"हे दोन मी आवळले नव्हते," ते हळूच म्हणाले. बोल्टवर बोट ठेवलं. लाल रंग सुकून कडक झाला होता. "ठिपका आहे. म्हणजे आवळले असणार." पाना उचलला, मग खाली ठेवला. स्वतःचा नियम त्यांनी मोडला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण इंजिनाला तोंड फुटतं ते पेट्रोलवर, आणि काय ओरडणार होतो मी? मलातरी कुठे खात्री होती?

त्या दिवसापासून माणूस बदलला. आधी विसरले तर स्वतःवरच हसायचे. आता हसेनात. प्रत्येक ठिपक्यावर दोन-दोनदा बोट फिरवायचे. बाईंना विचारायचे, "मी काल जेवलो ना?" तळाचं ऑइल चेंबर लावून त्यांनी मला बंद केलं, वरचं झाकण, म्हणजे हेड, चढवलं, टर्बो बसवला, त्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने ऑइल ओतलं. सगळं काम चोख. पण मेलेल्या मनाने केलेलं. बाई त्यांच्याकडे बघून झुरत होत्या आणि कशाने असं झालं ते त्यांना उमगत नव्हतं.

मला गाडीत उतरवलं त्या रविवारी लेक आली. बॉनेट उघडं, बॅटरी जोडलेली. मालक सीटवर बसले, किल्ली घातली. आणि फिरवेचनात.

मी श्वास रोखून होतो. एक फिरकी, आणि माझा निकाल लागणार होता. त्यांचाही.

"बाबा, काय झालं?"

मालकांनी किल्ली काढली आणि लेकीपुढे धरली. "घे. हत्यारं आत पेटीत आहेत."

"अहो, सुरू तरी करून बघा," बाई म्हणाल्या.

"नको. मला पक्कं आठवतंय की मी तिसऱ्या रॉडचे बोल्ट आवळले नाहीत. पाना उचलला, फोन आला, मी आत गेलो. डोळ्यांपुढे दिसतंय मला. आणि सकाळी बघतो तर ठिपके." त्यांनी किल्ली आणखी पुढे केली. "जे झालंच नाही ते आठवायला लागलंय मला. नुसतं विसरणं परवडलं असतं. ने ती किल्ली."

बाई गाडीला धरून उभ्या होत्या.

"तिसऱ्या? खालचे दोन?" त्या म्हणाल्या. "ते ठिपके मी लावले."

मालकांचा पुढे केलेला हात किल्लीसकट खाली आला.

"मला वाटलं, आवळून ठिपका लावायचा विसरलात. म्हणून मी... तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." त्यांनी तोंडाला हात लावला आणि रडायला लागल्या.

मालक गाडीतून उतरले. मला वाटलं, आता चिडतील. चाळीस वर्षं गॅरेजमध्ये अशा चुकीला त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं.

"म्हणजे मी आवळले नव्हते," ते म्हणाले.

"नव्हते."

"म्हणजे मला बरोबर आठवत होतं." मग लेकीकडे वळले. "ऐकलंस का? मला बरोबर आठवत होतं." हे त्यांनी तिसऱ्यांदाही म्हटलं आणि बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. म्हातारा माणूस, डोळे भरलेले, आणि तोंडभर हसत होता.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "अजून कुठे कुठे लावलेस?"

बाईंनी खूप आठवून बघितलं. "एक-दोन ठिकाणी लावले असतील. हेडवर? नाही, ते तुम्हीच... मला नाही आठवत हो."

आधी लेक हसली, मग तिघंही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना, कारण त्याचा अर्थ मला लगेच कळला. मी पुन्हा साखळीला लटकलो, पुन्हा पुढच्या खोलीत, पुन्हा डब्यांत.

या खेपेला एकट्याने बांधायची अट लेकीनेच मोडीत काढली. मालक बोल्ट आवळायचे, टक् झालं की लाल ठिपका लावायचे. मग तोच पाना बाई हातात घ्यायच्या, स्वतः दाबून टक् ऐकायच्या आणि शेजारी दुसऱ्या बाटलीतला गुलाबी ठिपका लावायच्या. तिसऱ्या रॉडला मालकांनी पाना लावला तेव्हा बोल्ट सहज अर्धा फेरा फिरला. बाई ते बघून खालीच बसल्या. आणि मला कळलं की मलाही बरोबरच जाणवत होतं.

मी पहिल्या फिरकीला सुरू झालो. ऑइलचा लाल दिवा विझला, टर्बोने बारीक शीळ घातली. मालकांनी डोळे मिटून मला ऐकलं. मिनिटभर तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं. लेकीने किल्ली त्यांच्याकडेच राहू दिली. त्यांनीच ती बाईंच्या हातावर ठेवली.

"गाडी तू चालव. रस्ता चुकतो माझा."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसून ऐकतो."

याला आता तीन वर्षं झाली. मी ठणठणीत आहे. मालकांचं मात्र बरंच पुसलं गेलंय. तुम्हाला एकच सांगायचं होतं. तुमच्या घरी कुणी विसरायला लागलं असेल तर त्याची आठवण त्याच्या नकळत भरू नका. शेजारी बसा आणि आपला ठिपका वेगळ्या रंगाने लावा. मी इंजिन आहे, मला फारसं कळत नाही, पण एवढं मी आतून बघितलंय.

आत्ता गाडी दारात उभी आहे. बाई किल्लीला हात लावून थांबल्यात, टर्बो निवायची वाट बघत. मालक शेजारी कान देऊन बसलेत.

"छान वाजतंय," ते म्हणाले. "कुणी बांधलं हे?"

"तुम्ही बांधलंत. मी सोबत होते."

मालक विचारात पडले. "मला नाही आठवत."

"मला आठवतं," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर," मालक म्हणाले, आणि बाईंनी किल्ली फिरवली.