टिचकीवाचून मुका

मी एक वायुभारमापक. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एका कोळ्याच्या घरात, दाराशेजारच्या खिळ्यावर चौऱ्याहत्तर वर्षं लटकतोय. अंग पितळी, तबकडीवर 'वादळ'पासून 'छान'पर्यंत हवेच्या खुणा आणि दोन काटे. काळा हवेच्या दाबाने हलतो. पिवळा माणसाने हाताने फिरवायचा, कालची खूण म्हणून.

माझ्या पोटातल्या पोकळ डबीला हवेचा रंग अजूनही अचूक कळतो. पण काळा काटा आता म्हातारा झालाय, जागच्या जागी अडकतो. टिचकी मारली तरच सुटतो. घरधनी मिकाएल रोज कॉफीच्या आधी दोन टिचक्या मारी आणि मगच होडी सोडे. एक्याऐंशीव्या वर्षी तो अंथरुणात मेला. आमच्या बंदरात एवढं नशीब थोड्यांचंच.

मग टिचकीचा मान त्याच्या बायकोकडे, आझेनोरकडे आला. तिचे हात थरथरायचे, अंगठी आपटायची. ईस्टरला काच तडकली. सून मायवेनने नवी बसवून आणली आणि बजावलं, "आई, आता हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"नुसतं बघून कळलं असतं, तर तुझ्या सासऱ्याने बोटं झिजवली असती का?"

"मोबाईलवर सगळं कळतं, आई."

म्हातारी गप्प बसली. मीही.

मेअखेरीचं आमचं हवामान भारी लहरी. सकाळी ऊन, दुपारी गारा. त्या दिवशी तर पहाटेपासून दाब कोसळत होता. माझ्या पोटात कळ उठली होती, पण काटा 'छान'वर चिकटलेला. आझेनोरचा मुलगा गोल्वेन खेकड्यांचे पिंजरे उचलायला निघाला. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "मोबाईल संध्याकाळी गडगडाट म्हणतोय, आणि हा तर छानच म्हणतोय. दुपारपर्यंत येतो."

आणि गेला. मला ओरडता येत नव्हतं. एवढं असहाय मला जन्मात वाटलं नव्हतं.

तासाभराने वारा अचानक पडला. आझेनोर खुर्चीतून उठली आणि सरळ माझ्यापाशी आली.

"आई, काच!" चुलीपाशी धिरडी घालणारी मायवेन ओरडली.

टिचकी बसली. काटा घसरून 'बदलतं'वर आला.

मायवेन पीठ लागलेल्या हातानेच धावत आली. विश्वास बसेना म्हणून तिने स्वतः टिचकी मारली. काटा 'पाऊस' ओलांडून 'वादळ'वर गेला.

तिने तशाच हाताने फोन लावला. "गोल्वेन, परत फिर! काटा अडकला होता!"

"अगं, निम्मे पिंजरे अजून पाण्यात आहेत..."

आझेनोरने फोन हिसकावला. "राहू देत समुद्राकडे. तू ये."

पाऊण तास दोघी उभ्याच होत्या. नैऋत्येला आभाळ काळंठिक्कर पडलं, विजा पाण्यावर उतरू लागल्या, गारांनी तावदानं वाजू लागली. धिरडं जळून गेलं. कुणी तव्याकडे वळलं नाही.

दार उघडलं. गोल्वेन निथळत आत आला, गुडघ्यात वाकून धापा टाकत राहिला. मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "खोटारडा लेकाचा!"

"त्याला बोल लावू नकोस," आझेनोर म्हणाली. "त्याला कुणी विचारलंच नव्हतं."

मायवेन जळका तवा उतरवायला वळली.

आता ती रोज सकाळी सासूला हात धरून माझ्यापाशी आणते. अंगठी तेवढी आधी काढून ठेवते. एवढंच मागणं आहे: तुमच्याही घरात कुणी म्हातारं गप्प बसलं असेल, तर सगळं छान आहे असं समजू नका. एक टिचकी मारून बघा.