शिवणीत सोडलेली माया

उद्या सतरा मे, आमचा राष्ट्रीय दिन. मिरवणुकीत अख्खं गाव आपापला लोकरीचा बुनाड घालून येणार, आणि माझ्या बुनाडची चोळी पोटावर दोन बोटं कमी पडत होती. मला त्याचा घोर नव्हता. आमच्याकडे हा सणाचा पोशाख जन्मात एकदाच शिवतात, म्हणून शिवणीत भरपूर माया सोडतात. बाई अंगाने सुटली की शिवण उसवायची आणि चोळी सैल करायची.

मी चोळी उलटी केली. आत माया नव्हतीच. कडेने पांढऱ्या दोऱ्याची सुबक टीप तेवढी होती.

"स्टाइनार!"

नवरा हसतच आला. हिवाळ्यात त्याने कडा कापत कापत शिवणारं मशीन घेतलं होतं. तेव्हापासून घरात काही फाटो न फाटो, हा शिवायला तयार.

"छान झालंय ना, गुनवोर? आत नुसतं गबाळ होतं. पाच मिनिटांत काढून टाकलं!"

"गबाळ? अरे, ती आईने माझ्या म्हातारपणाची करून ठेवलेली सोय होती! कुठाय ते कापड?"

"शेगडीत घातलं."

"आग लागो तुझ्या त्या मशीनला! मी उद्या काय पडदा गुंडाळून येऊ? आणि तू मिरव मेल्या, आपला बुनाड घालून!"



"आधी हात बसावा म्हणून मी माझ्या बुनाडच्या विजारीपासूनच सुरुवात केली होती," तो म्हणाला. "कालच घालून बघितली. मांडीच्या वर सरकत नाहीये."