अंटार्क्टिकाचं मावंदं

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मी अंटार्क्टिकाला गेले. सासूबरोबर.

जायचं होतं नवऱ्याबरोबर. बोटीवरची दोघांची खोली वर्षभर आधी ठरवून ठेवली होती. पण विश्वजितच्या कागलच्या कारखान्यात ऐनवेळी मोठी ऑर्डर आली आणि साहेब म्हणाले, "आईला ने की. पासपोर्ट हाय तिचा." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की तिथला बर्फ मी कोल्हापुरातूनच वितळवला असता. आत्ती मात्र, म्हणजे माझ्या सासूबाई बनाबाई, लगेच शिरोळहून पिशवी भरून आल्या. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि तोंडात एकच प्रश्न. "आल्यावर मावंदं घालायचं न्हवं?"

काशीयात्रा करून आल्यावर भावकीला जेवू घालतात, ते मावंदं. मी म्हटलं, "आत्ती, तिथं देऊळ नाही. पेंग्विन आहेत."

"लांबची वाट हाय न्हवं? मग झालं."

डाव माझ्या उशिरा लक्षात आला. मावंद्याच्या जेवणाला भावकीतला माणूस नाही म्हणत नाही आणि आत्तींना एकाच माणसाला घरात आणायचं होतं. त्यांचे धाकटे दीर गणपतराव. दोघांच्या उसाच्या मधल्या बांधावर हद्दीचा दगड आहे. आत्ती सांगतात, पूर ओसरला की तो दगड त्यांच्या रानात सरकलेला सापडतो. गणपतराव म्हणतात, कृष्णामाईनं सरकवला. नदी दरवेळी एकाच बाजूला कशी ढकलते, यावरून दोघांची जुंपली आणि मोठ्या पुरापासून बोलणंच बंद झालं. तरी दर दिवाळीला आत्ती दिराच्या नावाचा फराळ डब्यात भरून ठेवायच्या. तो तसाच मऊ पडायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं, पण सांगणार कोण?

बोट सुटली आणि समुद्र खवळला. मी बादली धरून आडवी झाले. गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या भल्यामोठ्या कढईत, बसून पूर ओलांडलेली बाई ती, समोर मांडी घालून ब्रेडला चटणी लावून खात होती. "ही लाट व्हय? पावसाळ्यात शिरोळला या म्हणावं ह्यास्नी."

किनाऱ्यावर उतरलो तेव्हा बर्फाचे डोंगर निळे चमकत होते. देवमाशानं शेपूट दाखवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्तींनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. नऊवारीवर जाडजूड विजार, पायात गमबूट अशा थाटात त्या पेंग्विनांच्या वस्तीसमोर उभ्या राहिल्या. गाइडनं बजावलं होतं, लांब थांबा, हळू बोला, खडाही उचलू नका. पेंग्विन खड्यांचीच घरटी करतात. मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होते. एक पेंग्विन मान खाली घालून शेजाऱ्याच्या घरट्यापाशी गेला, चोचीत खडा उचलला आणि काही घडलंच नाही असा साळसूदपणे परत आला.

"ए गणप्या! ठिव त्यो दगड!"

बोटीवरचे सगळे प्रवासी दचकले. पेंग्विनसुद्धा. लग्न होऊन आल्यापासून दिराला 'भावजी' म्हणून डोक्यावर पदर घेणारी बाई ही! गाइड ओठांवर बोट ठेवून धावत आला. मी त्याची माफी मागत राहिले. हातातला मोबाइल तसाच चालू होता. पुढं कधीही तो व्हिडिओ पाहिला, की त्या ओरडण्यापाशी मी तो घाबरून बंद करायची.

शिरोळला मावंदं झालं. भावकी लोटली. गणपतरावही आले, पण पंगतीच्या टोकाला, दाराजवळ, चपला हाताशी ठेवून बसले. व्हिडिओ टीव्हीवर लावायचा होता. मी विश्वजितला दहादा बजावलं होतं, ओरडण्याआधी बंद कर. हा पठ्ठ्या पुरणपोळीवर तूप वाढून घेत बसला.

"ए गणप्या! ठिव त्यो दगड!"

गणपतरावांचा हात पोळीवरच थांबला. ते भरल्या ताटावरून उठले असते, तर पुन्हा या घरात आलेच नसते. आत्ती तुपाची वाटी धरून उभ्या होत्या. विश्वजितनं रिमोटकडं हात नेला.

"ऱ्हाऊ दे," गणपतराव म्हणाले. "फुडं काय हुतंय बघू."

पुढं गणप्या दुसऱ्या खड्याच्या शोधात निघून गेला. मग शेजारच्या घरट्यातली पेंग्विनबाई उठली, इकडं तिकडं पाहिलं, गणप्याच्या घरट्यापर्यंत गेली आणि दोन खडे उचलून घेऊन आली. वाऱ्याच्या आवाजात आत्तींचा बारीक आवाज ऐकू आला. मीही तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"आन ही बनी. भावजी परगावी गेलं, की हिचं बी त्येच."

सगळी पंगत आत्तींकडं वळली. आत्तींनी नजर वाटीत घातली. गणपतरावांनी पुढं वाकून टीव्हीकडं निरखून पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले, "ह्यातला गणप्या कंचा आन बनी कंची? मला तर दोगंबी सारखीच दिसत्यात."

हसण्यानं पत्रा उडायचा राहिला. आत्तींनी ताटातून ओघळेपर्यंत तूप वाढलं आणि सगळ्यांसमोर रडल्या. "जेवा भावजी," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं पहार घेऊन बांधावर गेली. मागोमाग मी. दगड मूळच्या जागी रोवायचं ठरलं होतं. या सरीतून त्या सरीत दोघं कितीतरी वेळ फिरली, पण मूळची जागा एकालाही सांगता येईना.

"आता काय करायचं वैनी?"

"ऱ्हाऊ दे हितंच," आत्ती म्हणाल्या. "फुडच्या पुरानंतर बघू. पर आता एकट्यानं यायचं न्हाय."