साडेबाराची पंगत

"गेल्या तीन आठवड्यांत बाहेर कुठं जेवलात?" साथरोग निरीक्षकानं छापील प्रश्न विचारला.

"बाहेरचं? छ्या! मी शिवतसुद्धा नाही," तापानं फणफणलेला शिंपी खाटेवरून म्हणाला. "फक्त तुमच्या ताईंच्या खानावळीत. साहेब, थोडं मऊ काहीतरी पाठवायला सांगा हो. त्यांच्या हातचं पोटात गेलं की उतार पडेल."

हा विषमज्वराचा सतरावा रुग्ण, आणि खानावळीतलाही सतरावा. पाण्याचे नमुने तर सगळे निर्दोष आले होते. बावीस वर्षं साप्ताहिक अहवालात 'रुग्ण: शून्य' लिहिल्यामुळे कचेरीत निरीक्षकाला शून्यराव म्हणत. आता साथ आली ती थेट घरचा पत्ता विचारत.

साडेबाराला पहिली पंगत बसायची. बारा वाजले होते. शून्यरावानं सायकल दामटली.

ताई भल्यामोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. "आलास? आधी हात धू. सरकारी हात, कुठं कुठं लागलेले असतात."

"ताई, बंद कर."

"गॅस?"

"खानावळ."

ती हसली. "मला उभ्या जन्मात ताप आला नाही रे!"

"तेच तर. काहींना स्वतःला काही होत नाही, त्यांच्यामुळं दुसऱ्यांना होतं. तुझी तपासणी करू. चार दिवसांत निकाल येईल."

"आणि निकाल चांगला आला, तर लोक परत येतील?"

त्यानं पिशवीतून छापील तक्ता काढला.

"याच चुलीवर तुला शिकवलं."

"नीट शिकवलंस, तिथंच चुकलं."

दाराबाहेर चपला वाजू लागल्या. कुणीतरी भुकेनं खाकरलं. ताईचा हात डावावर तसाच होता.

"आपल्याकडं जेवणारा, तापानं पडलेला तो सायकल दुरुस्तीवाला कसा आहे?"

"सकाळपासून कुणाला ओळखत नाही."

ताईनं गॅस बंद केला. खिळ्यावरचं कुलूप घेऊन ती दारात गेली. "आज स्वयंपाक बिघडलाय," तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. "उद्याही बिघडणार आहे. आणि ज्याला ताप आलाय, त्यानं आधी दवाखाना गाठायचा."

मग पाटावर येऊन बसली. "हं, विचार. छापीलच विचार."

शेवटची यादी जेवून गेलेल्यांची होती. ताई बोटांवर मोजत गेली. कुणाला तिखट चालत नाही, कोण मीठ वरून घेतो, सगळं तोंडपाठ. बासष्ट झाले. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"थांब. एक राहिला," ताई म्हणाली. "रोज सकाळी. उभ्याउभ्या, कामावर जाता जाता."

शून्यरावानं टोपण काढलं. त्रेसष्टाव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, धाकटा भाऊ.