टेकडीच्या दाराची किल्ली

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस "बाप रे!" म्हणतो आणि मग दुसरा हातही पुढे करतो. वीतभर लांबीची, चांगली वजनदार, दातांवर गंज चढलेली अशी लोखंडी किल्ली त्याने कधी पाहिलेली नसते. मी एका थडग्याची किल्ली आहे. घाबरू नका. त्या थडग्यातली माणसे इतक्या जुन्या काळातली आहेत, की त्यांची नावे घेणारे तर सोडाच, त्यांची भाषा बोलणारेही जगात कोणी उरलेले नाही.

आयर्लंडच्या मीथ परगण्यात ड्रमकॅरनची टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर दगडांची मोठी रास, राशीच्या पोटात एक अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी खोली आणि खोलीच्या दगडांवर कोरलेले सूर्य. या बोळात वासरे शिरू लागली, टवाळ लोक सूर्याशेजारी आपली नावे खरवडू लागले, तेव्हा सरकारने तोंडाशी दार बसवायचे ठरवले. ते काम चौरस्त्यावरच्या ओवेन टॅफ लोहाराकडे आले.

"लाकडाचं दार नको," टॅफ म्हणाला. "टेकडीत राहणाऱ्या त्या अदृश्य लोकांच्या मनात आलं तर ते आतून कडी घालतील. लोखंडापुढे मात्र त्यांचं काही चालत नाही."

त्याने मला लाल होईस्तोवर तापवले, ऐरणीवर ठोकठोक ठोकले आणि पाण्याच्या डोणीत बुडवले. मी अशी काही किंचाळले, की बाहेर बांधलेला घोडा बिथरला. तो माझा पहिला शब्द. तेव्हा अंगात रग होती. आता कुलपात फिरतानाही माझ्या तोंडून नुसता उसासा निघतो.

टेकडीला सर्वांत जवळचे घर गॅफनींचे. म्हणून मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुंटीवर टांगण्यात आले आणि त्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्यांची राखणदारी आली. रीत साधी होती. जो मागेल त्याला मला द्यायचे. जाताना त्याने तारण म्हणून आपली काहीतरी वस्तू ठेवायची, परत आल्यावर मला परत करायचे, आणि मग एक कप चहा घेतल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी मात्र मला कोणालाही द्यायचे नाही. त्या दिवशी घरातून विस्तव, दूध किंवा लोखंड बाहेर गेले, तर घराचे भाग्य त्याच्या मागोमाग चालू लागते, अशी तिकडची पक्की समजूत. एकदा नेमक्या त्याच दिवशी सायकलवरून आलेले एक जोडपे फार चिडले. मॅलकी गॅफनी दारात उभा राहून शांतपणे म्हणाला, "उद्या या की. पाच हजार वर्षं जागचं हललं नाही ते, आज रात्रीत कुठे पळून जाणार आहे?"

हा मॅलकी माझा शेवटचा धनी. बोलायला मोठा रसाळ. तारण म्हणून घड्याळे येत, छत्र्या येत, मोटारींच्या चाव्या येत. डब्लिनच्या एका गृहस्थाकडे ठेवायला काहीच निघाले नाही, तेव्हा त्याने गाडीतून आपल्या सासूला उतरवले आणि चुलीपाशी खुर्चीत आणून बसवले.

"ही घ्या तारण," तो म्हणाला.

मॅलकीने आधी म्हातारीकडे पाहिले, मग जावयाकडे. "तारण उत्तम आहे हो. पण मग तुम्ही परत याल याची खात्री काय?"

सर्वांत मोठ्याने म्हातारीच हसली. "पक्कं ओळखलंत त्याला!" असे म्हणून तिने पावाला आणखी लोणी लावले.

पाहुण्यांबरोबर मॅलकी पुष्कळदा टेकडीवर येई. मला कुलपात फिरवी, दार ओढी, आणि टोपी काढून बाहेरच उभा राही. कोणी विचारले, "तुम्ही नाही येत आत?" तर म्हणे, "मला अजून बोलावणं नाही." गॅफनींपैकी कोणीच कधी आत गेले नाही. आपण राखणदार, घर दुसऱ्यांचे, हे त्यांच्या मनात मुरलेले होते.

मित्रांनो, त्या काळी माझे कौतुक काय सांगू! परदेशातले एक प्राध्यापक मला खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत बसले होते. लग्न ठरलेल्या मुली मला गालाला लावून फोटो काढून घेत. पण कौतुकाने दातांची झीज भरून येत नाही. वर्षानुवर्षे तोच चढ, तेच ओलसर कुलूप, तीच उतरण. माझे दात बोथट झाले, मान जरा वाकली.

आणि थकलेली मी एकटीच नव्हते. मॅलकीची बायको कॉन्सेप्टाही थकली होती. टेकडी दाखवायची मॅलकीने, गोष्टी सांगायच्या मॅलकीने, वाहवा मॅलकीची. चहा मात्र कॉन्सेप्टाचा. पाव तिने भाजायचा, लोणी तिने काढायचे, कप तिने विसळायचे, चिखलाच्या बुटांनी माखलेली जमीन तिने पुसायची. सुगीचे दिवस असोत की अंगात ताप असो, खुंटीवरून मी उतरले की तिकडे तिने किटली चढवलीच. तिचे गुडघे कुरकुरत, ते मला खुंटीवरून ऐकू येई. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत असू. तेवढेच आमचे बोलणे.

मग एके दिवशी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी ऑफिसातून एक अधिकारी बाई आल्या. आत लोक मेणबत्त्या लावतात, दगड काळे पडतात, फटींत नाणी कोंबतात, म्हणून त्या त्रासल्या होत्या. माझी एक जुळी बहीण त्यांच्या ऑफिसात होती, तीही तिथे कुठेतरी हरवली होती.

"गॅफनीसाहेब, तुमच्यानंतर या घरातून कोणी जबाबदारी घेणार असेल तर ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर आम्ही ते दार कायमचं बंद करून टाकणार."

मॅलकी माझ्या खुंटीकडे पाहू लागला. मोरीपाशी कप विसळता विसळता कॉन्सेप्टाच बोलली, "करा बंद. एकदाचं करा."

खरे सांगते, मित्रांनो, माझ्याही मनात तेच आले.

त्यानंतरच्या एका रविवारी, चर्चमधून परत येताना मॅलकीला टेकडीच्या पायथ्याशी पाहुणे भेटले. घरी येऊन त्याने मला उचलले आणि अंगावरच्या ठेवणीतल्या सुटासकट वर चढला. उतरताना मला कोटाच्या आतल्या खिशात टाकले. घरी येऊन कोट कपाटात अडकवला आणि मला बाहेर काढायचे विसरला. पुढे दोन दिवस पावसाने टेकडी दिसेनाशी झाली, कोणी फिरकले नाही. मंगळवारी दुपारी उकडलेले अंडे खाऊन मॅलकी चुलीपाशी जरा टेकला, आणि तिथेच, खुर्चीतल्या खुर्चीत, त्याने देह ठेवला. असे मरण देव ज्याला त्याला देत नाही.

शेजारच्या पॅकी फॅरलीने रडत रडत त्याला तोच सूट चढवला. बाहेरच्या खोलीत शवपेटी ठेवली, आणि मी मॅलकीच्या छातीवर, अंधाऱ्या खिशात, निवांत पडून राहिले. किती बरे वाटले म्हणून सांगू! ना चढ, ना कुलूप. आता याच्याबरोबर मातीत जायचे आणि स्वस्थ झोपायचे.

तिकडे घरात मरण झाले की दार सताड उघडे ठेवतात, आणि त्या दारातून जो आत येईल तो शोकालाच आला, असे धरून चालतात. बुधवारी दुपारी एक उंच माणूस नखशिखांत भिजून दारात उभा राहिला.

"या, या," पॅकी म्हणाला. "फार लांबून आलात ना? ती टोपी द्या इकडे."

"मी... म्हणजे खरं तर मी..."

"काही बोलू नका. आधी चहा घ्या."

त्याच्या एका हातात कप आला, दुसऱ्यात हॅमचे सँडविच, आणि लोकांनी त्याला हलकेच पुढे सरकवत पेटीपाशी आणले.

"बघा, कसा छान दिसतोय," पॅकी डोळे पुसत म्हणाला. "झोपलाय जणू."

"छान दिसताहेत," पाहुणा म्हणाला. बिचाऱ्याने मॅलकीला जिवंतपणी कधी पाहिलेच नव्हते!

"हा मॅलकीच्या आईकडचा," भिंतीपाशी एक बाई दुसरीच्या कानात कुजबुजली. "नाक बघ ना. तेच नाक."

तेवढ्यात जपमाळ सुरू झाली. एकाने प्रार्थना उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची. देवाला हाक मारण्याची ही तऱ्हा कोणत्याही मुलखात गेलात तरी कानाला ओळखीचीच वाटते. दहा मण्यांची एक पाळी झाली की दुसऱ्याची. पॅकीने पाहुण्याकडे बोट केले. आता काय करणार? तो गुडघे टेकून बसला आणि त्याने दहाही मणी नीट ओढले. तो दक्षिणेकडचा, कॉर्कचा. त्या लोकांच्या बोलण्यालाच मुळी चाल असते. त्याच्या तोंडून ती प्रार्थना अशी काही आली, की खिशातल्या खिशात मलाही गहिवरून आले.

प्रार्थना आटोपल्यावर कॉन्सेप्टा त्याच्याजवळ आली. "पाहुणे, राग मानू नका हं. पण तुम्ही आमच्या मॅलकीचे नक्की कोण?"

तो कानापर्यंत लाल झाला. "कोणी नाही, बाई. मी फॅक्टना हर्ली. मी... मी किल्ली मागायला आलो होतो."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग हसू फुटले ते कॉन्सेप्टालाच. ती पेटीच्या कडेला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं बाई! मेला तरी याची गिऱ्हाइकं काही संपत नाहीत!" मग सगळेच हसले. तिकडे त्यात कोणाला वावगे वाटत नाही.

"द्या रे त्यांना किल्ली," ती म्हणाली.

पण खुंटी रिकामी. फडताळ पाहिले, खण उपसले, किटलीच्या मागेही पाहिले. शोधता शोधता पॅकीचा चेहरा एकाएकी पांढरा पडला.

"कॉन्सेप्टा... कोट घालताना आतल्या खिशात मला काहीतरी जड लागलं होतं. म्हटलं पाइप असेल. राहू दिला, सोबतीला."

"पाइप सोडून त्याला एक जमाना झाला, गाढवा!"

"मला वाटलं, लपूनछपून ओढत असेल!"

पुन्हा हसू उसळले आणि विरले. सगळे पेटीकडे पाहू लागले.

"राहू दे आता," पॅकी हळूच म्हणाला. "मेलेल्या माणसाबरोबर दिलेलं परत घेऊ नये. आणि कॉन्सेप्टा, एका परीने बरंच झालं. ते ऑफिसवाले दार बंद करतील. तू सुटलीस."

माना डोलल्या. मीही मनात म्हणत होते, राहू दे गं बाई, राहू दे. आपण दोघीही सुटू.

"माझ्यासाठी काही करू नका," फॅक्टना टोपी शोधत म्हणाला. "मी निघतो. दगड काय, पुन्हा कधी बघेन."

"पुन्हा कधी?" कॉन्सेप्टा म्हणाली. "किल्ली मातीत गेल्यावर?"

ती पेटीपाशी गेली. बाहेर अंगणात पेटी उचलायला आलेली माणसे ताटकळत होती, झाकण भिंतीला टेकवलेले होते. मग ती वाकली. तिचे बोलणे मॅलकीला आणि मला, एवढेच ऐकू आले.

"हे काम तुझं होतं रे. मी नुसती चहाची बाई. तू किल्ली घेऊन गेलास, तरी तुला मी बोल लावणार नाही. पण तो माणूस भिजत आलाय."

तिची भांड्यांनी खरखरीत झालेली बोटे खिशात शिरली आणि मी पुन्हा उजेडात आले.

"जा," तिने मला फॅक्टनाच्या हातात ठेवले. "चर्चला निघायच्या आत या. दार खालून अडकतं, जरा उचलून ओढा."

"आणि तारण?" पॅकीने सवयीने विचारले.

"माझ्या नवऱ्यासाठी दहा मणी ओढलेत त्यांनी. पुरे तेवढं तारण."

फॅक्टना घाईघाईने चढला. त्याने दार उचलून ओढले, आत वाकून गेला. मेणबत्ती पेटवली नाही, कशाला हात लावला नाही. बाहेर आला तेव्हा गुडघ्यांना चिखल होता. परत पोहोचलो तर पेटी उचलायची वेळ झाली होती आणि एक खांदा कमी पडत होता. त्याने मला कॉन्सेप्टाच्या हाती दिले आणि न सांगता पेटीखाली खांदा दिला.

"आता काय करणार तिचं?" पॅकीने दुसऱ्या खांद्याखालून मान वळवून विचारले.

कॉन्सेप्टाने मला आपल्या कोटाच्या खिशात टाकले. "ऑफिसला कळव. किल्ली माझ्याकडे मिळेल. जो मागेल त्याला मिळेल. पण चहा बंद."

मॅलकीच्या मरणानेही ती मंडळी इतकी हादरली नव्हती. "बंद? म्हणजे... अगदी बंद?"

"अगदी बंद. मी थकलेय, पॅकी. चला आता."

तेव्हापासून चहा खरोखरच बंद आहे. मी मात्र अजून चढते नि उतरते. विश्रांती माझ्या नशिबी आली होती, ती तिने काढून घेतली. पण तिच्यावर माझा राग नाही. मला खिशातून काढून तिनेही आपल्या वाट्याला थोडे ओझे परत घेतलेच की.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. अशा जुन्या जागी जाल तेव्हा आत दिवे लावू नका, दगडांवर नावे कोरू नका, आणि किल्ली घेतलीत तर ती परत आणून द्या. दगड उन्हापावसाला पुरून उरलेत, थोडी काळजी घेतलीत तर पुढेही उरतील. पण दार उघडून देणारी माणसे तेवढी टिकत नाहीत. त्यांनाही जपा. ड्रमकॅरनला याल तर येताना चहाचा थर्मास बरोबर आणा, आणि पहिला कप कॉन्सेप्टाला द्या. तिला दोन चमचे साखर लागते. इतकी वर्षे हे कोणी तिला विचारलेच नाही.